शौकीन उठून गेला तेव्हा

माझे एक जुने स्नेही लंडनजवळ डॉक्टरकी करतात. मूळचे साताऱ्याचे, माळकरी घरातले. तिकडे गेल्यावर सहकाऱ्यांच्या संगतीने त्यांना वाईनचा नाद लागला, आणि लागला तो सातारी पद्धतीने, म्हणजे मागेपुढे न बघता. २०१० साली त्यांना मुलगी झाली. नेमके त्याच साली फ्रान्सच्या बोर्दो भागात द्राक्षांचे पीक फार उत्तम उतरले. तिकडे एक रीत आहे. मूल ज्या साली जन्मते त्या सालची चांगली वाईन घेऊन ठेवायची आणि ते सज्ञान झाले की उघडायची. डॉक्टरांनी एका नामांकित बागेच्या दोन पेट्या नोंदवल्या. पैसे २०११ च्या उन्हाळ्यात भरले, बाटल्या आल्या २०१३ मध्ये. आल्या म्हणजे घरी नव्हे. एका सरकारमान्य वखारीत गेल्या. तिथून माल बाहेर काढेपर्यंत त्यावर कर लागत नाही. हिशेब असा की एक पेटी मुलीच्या अठराव्या वाढदिवसाला फोडायची आणि दुसरी विकून पहिलीचे पैसे सोडवायचे. मागच्या भेटीत त्यांनी मला वखारवाल्यांचा कागद दाखवला. पेटीचा आजचा भाव त्यांनी तेव्हा मोजलेल्या पैशांपेक्षा कमी आहे. इतक्या वर्षांचे भाडे आणि विमा वेगळाच.

डॉक्टर सुखवस्तू आहेत. त्यांच्या दोन पेट्यांचे नुकसान हा काही रविवारच्या वाचकाने चहा थंड करून घ्यावा असा विषय नव्हे. पण त्यांच्यासारखे हजारो हौशी लोक गेल्या काही वर्षांत या बाजारातून मुकाट्याने उठून गेले आहेत, आणि ते उठल्याने बोर्दोची दीडदोनशे वर्षांची घडी विस्कटते आहे. दुसरे असे की जानेवारी २०२६ मध्ये भारत आणि युरोपीय संघ यांच्यातल्या व्यापार कराराच्या वाटाघाटी पूर्ण झाल्याची घोषणा झाली. जाहीर झालेल्या तपशिलानुसार युरोपच्या वाईनवरची दीडशे टक्के जकात करार लागू होताच ७५ टक्क्यांवर आणि पुढे टप्प्याटप्प्याने २० ते ३० टक्क्यांपर्यंत उतरायची आहे. ऑस्ट्रेलियाच्या वाईनला अशी सवलत डिसेंबर २०२२ पासूनच मिळू लागली. तेव्हा लंडनमधला हा कागद उद्या पुण्या-मुंबईतल्या कुणाच्या तरी टेबलावर येणार आहे. तो वाचता आलेला बरा.

पेटी 'नोंदवायची' म्हणजे काय? कोकणात मोहोर पाहून आंब्याची बाग व्यापाऱ्याला देतात. फळ उतरायच्या आधी बागाईतदाराच्या हाती पैसा येतो. मग वारा सुटो की तुडतुडा पडो, ते व्यापाऱ्याचे नशीब. बोर्दोची 'आँ प्रिमर' नावाची पद्धत याच कुळातली. द्राक्षे सप्टेंबर-ऑक्टोबरात तोडतात. पुढल्या एप्रिलच्या सुमारास, वाईन अजून लाकडी पिंपात कच्ची असताना, जगभरचे व्यापारी आणि समीक्षक तिथे गोळा होतात. घोट घेतात, थुंकतात आणि गुण देतात. मग उन्हाळ्यात एकेक शातो आपला भाव फोडतो. शातो म्हणजे खरे तर गढी किंवा वाडा. व्यवहारात त्या वाड्याच्या नावाने चालणारी बाग आणि तळघर. हे वाडेवाले गिऱ्हाइकाला थेट माल देत नाहीत. मध्ये एक दलाल, त्याची दोन टक्के दलाली. मग बोर्दोचे घाऊक व्यापारी, मग लंडन-न्यूयॉर्क-हाँगकाँगचे आयातदार, आणि शेवटच्या पायरीवर आमचे डॉक्टर. पैसे सगळे आधी. माल दीडदोन वर्षांनी.

या साखळीत सर्वांत कमी माहिती असलेला माणूस सर्वांत मोठा धोका घेतो, हे उघड आहे. त्याने वाईन चाखलेली नसते. मधला व्यापारी बुडाला तर पैसे बुडतात. बाटली हातात आल्यावरही चांगल्या सालची लाल वाईन दहा-पंधरा वर्षे ठेवावी लागते, आणि तेवढ्यात ती कशी पिकेल हे ब्रह्मदेवही सांगू शकत नाही. हे सगळे तो का सोसायचा? त्याला नंतरच्यापेक्षा भाव कमी पडायचा म्हणून. बस्स, एवढाच हा सौदा होता. लेखी कुठेच नाही, पण सगळे त्यावर चालायचे.

वाडेवाल्यांनाही एके काळी या माणसाची गरज होती. दुसऱ्या महायुद्धानंतर बोर्दोचे मोठमोठे वाडे कफल्लक होते. व्यापाऱ्याने आगाऊ पैसे दिले तरच पुढली छाटणी व्हायची. मग १९७२ चे साल आले. पीक हलके आणि भाव मात्र अस्मानाला. पुढच्याच वर्षी तेलाचा भडका उडाला, बोर्दोतल्या एका थोर व्यापारी घराण्याचे भेसळीचे प्रकरण कोर्टात गेले आणि बाजार असा कोसळला की सावरायला दहा वर्षे लागली. म्हणजे आज जे चालले आहे ते प्रथमच होत आहे असे नाही. फक्त गेल्या वेळी ज्यांचे हात पोळले ते व्यापारी आता हयात नाहीत.

सावरले ते १९८२ ने. अमेरिकेत मेरिलँड राज्यात रॉबर्ट पार्कर नावाचा एक वकील वाईनविषयी स्वतःचे पत्रक काढायचा. १९८२ ची वाईन पिंपात असतानाच त्याने ती असामान्य असल्याचे लिहिले. इतर काही जाणकार साशंक होते. पार्करचे म्हणणे खरे ठरले, त्याच्यावर विसंबून ज्यांनी पेट्या नोंदवल्या त्यांची चांदी झाली आणि शाळेतल्यासारखे शंभरपैकी गुण देण्याची त्याची पद्धत पुढे या धंद्याची स्मृती आणि श्रुती होऊन बसली. वाईनला शंभरपैकी ९६ गुण म्हणजे काय, हा प्रश्न मला आजही पडतो. निबंधाला कुणी पैकीच्या पैकी गुण देत नाही, हे आपल्या मराठीच्या मास्तरांचे धोरण मला अधिक शहाणपणाचे वाटते. पण मराठीच्या मास्तरांनी निबंध विकत घेऊन ठेवलेले नसतात.

ऐंशी-नव्वदच्या दशकांत इंग्लंडातल्या मध्यमवर्गीय शौकिनाचा एक सोपा नियम होता: दोन पेट्या घ्या, पाच-सात वर्षांनी एक विका, दुसरी फुकट प्या. शाळामास्तर, वकील, डॉक्टर यांना परवडणारी ही चैन होती. या माणसांनी बोर्दोला नुसता पैसा दिला नाही, तर घराघरांत तिच्या नावाचा बोलबाला केला. मुलांना चव लावली. मित्रांच्या पंगतीत बाटली फोडून 'ही अमुक सालची' असे सांगणारा माणूस हीच बोर्दोची जाहिरात होती. आणि ती फुकट होती.

मग दूरचा पैसा आला. हाँगकाँगने फेब्रुवारी २००८ मध्ये वाईनवरचा कर पूर्ण काढून टाकला आणि चीनचा नवश्रीमंत या बाजारात उतरला. त्याला एकच नाव ठाऊक होते, लाफित. १८५५ साली पॅरिसच्या प्रदर्शनासाठी दलालांनी भावावरून बोर्दोच्या वाड्यांची प्रतवारी केली, तेव्हापासून लाफित पहिल्या वर्गात बसलेला. ही प्रतवारी आपल्या जातिव्यवस्थेइतकीच चिवट. पहिल्या वर्गात नंतर बढती मिळाली ती एकट्या मूताँला, तीही १९७३ मध्ये. ऑक्टोबर २०१० मध्ये हाँगकाँगच्या लिलावात १८६९ सालच्या लाफितच्या तीन बाटल्या प्रत्येकी सव्वादोन लाख डॉलरांवर गेल्या. त्याच सुमारास लाफितने आपल्या २००८ च्या बाटलीवर चिनी लिपीतला आठाचा आकडा कोरला. आठ हा तिकडचा शुभांक. एका आकड्याने भाव उसळला. आपल्याकडे मोटारीला शुभांक मिळावा म्हणून आर.टी.ओ.त पैसे मोजणारे आहेत, त्यांनी हसू नये.

या उसळीतून वाडेवाल्यांनी एक निष्कर्ष काढला, आणि माझ्या मते सगळ्या दुखण्याचे मूळ त्यात आहे. ते म्हणाले, ही वाईन आपण शंभराला देतो आणि पाच वर्षांत ती दोनशेला विकली जाते. मधले शंभर त्या लंडनच्या डॉक्टरला का? आपणच दोनशेला का देऊ नये? हिशेब चोख होता. २००९ आणि २०१० या सालांचे भाव त्यांनी त्या हिशेबाने फोडले. मधले शंभर हे डॉक्टरने धोका पत्करल्याचे, भाडे भरल्याचे आणि वाट पाहिल्याचे होते, एवढी एक बाब तेवढी वहीत धरली नव्हती.

२०१२ च्या अखेरीस चीनमध्ये नवे नेतृत्व आले आणि सरकारी मेजवान्या व भेटींवर टाच आली. लाफितचा भाव त्याआधीच उतरू लागला होता. २०१० ची लाफित आज निघाली त्या भावाच्या बरीच खाली मिळते. २०१२ मध्येच शातो लातूरने (आमच्या लातूरशी याचा काही संबंध नाही) आगाऊ विक्री बंद केली. आमची वाईन आमच्याच तळघरात पिकवू आणि पिकली की विकू, म्हणाला. ज्याच्याकडे थांबण्याइतका पैसा आहे त्याला हे शोभते. बाकीचे वाडे दर वर्षी भाव चढा ठेवत राहिले आणि घाऊक व्यापारी माल उचलत राहिले. न उचलावा तर पुढच्या चांगल्या सालचा कोटा जायचा. व्याज शून्याजवळ होते तोवर हे खपले. २०२२ पासून व्याज चढले, गोदामातला माल पाण्यासारखा पैसा खाऊ लागला आणि उत्तम वाईनचा सगळा बाजारच २०२२ च्या शिखरावरून घरंगळला. लाफितची २०२२ ची बाटली घाऊक व्यापाऱ्यांकडून ५८० युरोला निघाली होती, २०२३ ची ३९६ ला आणि २०२४ ची २८८ ला. दोन वर्षांत निम्म्यावर! इतके करूनही गिऱ्हाईक धावले नाही, कारण दहा वर्षांपूर्वीची, पिण्याजोगी झालेली बाटली दुकानात जवळपास त्याच भावात उभी होती. मग कच्च्या मालाचे पैसे आज कोण देईल?

भावाबरोबर आणखी एक पाहुणा येतो, खोटा माल. पंगतीत उघडायच्या बाटलीची नक्कल कुणी करत नाही. तिजोरीतल्या बाटलीची करतात, कारण ती उघडली जाणार नाही याची खात्री असते. रूडी कुर्नियावान या तरुणाने अमेरिकेत २००६ च्या दोन लिलावांत मिळून साडेतीन कोटी डॉलरांच्या आसपास वाईन विकली. २००८ मध्ये त्याने लिलावाला ठेवलेल्या बाटल्यांत बरगंडीच्या पाँसो घराण्याची १९४५ ची क्लो सँ-दनी होती. गंमत अशी की त्या घराण्याने ती वाईन करायला सुरुवातच १९८२ मध्ये केली. घराण्याचे प्रमुख लोराँ पाँसो स्वतः न्यूयॉर्कला जाऊन लिलावात उभे राहिले तेव्हा बाटल्या मागे घेतल्या गेल्या. कुर्नियावानला २०१४ मध्ये दहा वर्षांची शिक्षा झाली. त्याच्या घरात लेबले, बुचे आणि मिश्रणाचे साहित्य सापडले होते. त्याच्या बाटल्या प्यायलेल्या कित्येक जाणकारांनी तोंडभरून स्तुती केली होती, ही गोष्ट मात्र त्यांपैकी कुणी फारशी आळवत नाही.

असो. श्रीमंतांची फसवणूक वाचायला मजा येते, पण मला जास्त काळजी दुसऱ्याच माणसाची वाटते. आगाऊ विक्री करणारे वाडे बोर्दोत फार तर काहीशे आहेत. बाकीचे हजारो बागाईतदार नुसती 'बोर्दो' म्हणून विकली जाणारी साधी वाईन करतात. तिचे मोजमाप 'तोनो', म्हणजे ९०० लिटर. गेली काही वर्षे तोनोला उत्पादनखर्चही सुटत नाही. डिसेंबर २०२२ मध्ये हे शेतकरी बोर्दोच्या रस्त्यावर उतरले. मागणी अशी होती की आमच्या बागा उपटायला पैसे द्या. कर्जमाफी नाही, हमीभाव नाही, उपटण्याचे पैसे! २०२३ मध्ये ते मंजूर झाले, हेक्टरी ६,००० युरो, सुमारे साडेनऊ हजार हेक्टरांसाठी.

लाफितचा भाव आणि या शेतकऱ्याची दैना यांचा संबंध नाही, असे म्हणणारे आहेत, आणि बव्हंशी त्यांचे म्हणणे बरोबर आहे. फ्रेंच माणूस आजोबांच्या मानाने निम्म्याहून कमी वाईन पितो, लाल तर आणखी कमी. चीनची मागणी आटली. मोठ्या दुकानांच्या साखळ्या भाव पाडून घेतात. हे सगळे लाफितमुळे झालेले नाही. तरीही मला वाटते की बोर्दो म्हणजे बड्यांचे काम, आपले नव्हे, ही भावना सामान्य गिऱ्हाइकाच्या मनात कुणी भरवली, याचा जाब वरच्या वर्गाला विचारला पाहिजे. शौकीन वरच्या पायरीवरची बाटली वर्षातून एकदा आणि खालच्या पायरीवरची दर आठवड्याला घ्यायचा. वरची हाताबाहेर गेली तेव्हा तो खालच्या पायरीवर थांबला नाही. जिनाच सोडून स्पेन-इटलीकडे गेला.

आता आपल्याकडे. मी स्वतः शौकीन आहे, संग्राहक नाही, आणि नाही तेच बरे. २००७ सालच्या नाशिकच्या लाल वाईनच्या सहा बाटल्या मी हौसेने पुण्याच्या घरात पुस्तकांच्या कपाटाखाली आडव्या ठेवल्या होत्या. सात वर्षांनी पहिली उघडली. रंग विटेसारखा, वास भिजवलेल्या चिंचेचा. दोष करणाऱ्याचा नव्हता. वाईनला बारा-तेरा अंशांचा स्थिर गारवा लागतो आणि माझ्या कपाटाने सात वैशाख पाहिले होते. ज्या दुकानातून त्या आणल्या, तिथे तर त्या पश्चिमेच्या उन्हात उभ्या होत्या. आपल्याकडे 'वाईन शॉप' अशी पाटी लावलेल्या दुकानात वाईन सोडून सगळे नीट ठेवलेले असते.

आणि साठवायची म्हटले तरी कायदा आहेच. महाराष्ट्रात मद्याचे नियमन आजही १९४९ च्या दारूबंदी कायद्याने होते. बाटली विकत घ्यायला, बाळगायला आणि प्यायला परवाना लागतो. किती बाळगावी याला मर्यादा. आणि आपली जुनी बाटली दुसऱ्याला विकली तर तो सरळ गुन्हा. याचा अर्थ लंडनच्या डॉक्टरांचा 'एक विका, एक प्या' हा नियम इथे चालत नाही. तरीही 'वाईनमध्ये पैसे गुंतवा' अशी गोड पत्रके इथल्या पैसेवाल्यांच्या हाती पडू लागली आहेत. त्यांत बाटल्या परदेशी वखारीतच राहतात आणि आपल्याला मिळतो एक कागद. कागद देणाऱ्याला विचारावे, बाबा रे, गेल्या तीन वर्षांचा आलेख दाखव.

नाशिकला या गोष्टीत बोर्दोपेक्षा वेगळे पण कमी नसलेले भय आहे. २००१ च्या द्राक्ष प्रक्रिया धोरणानंतर विंचूर आणि पलूसला वाईन पार्क झाले. शिराझ, शनँ ब्लाँ ही नावे निफाड-दिंडोरीच्या शेतकऱ्याच्या तोंडात बसली. २००९ च्या सुमारास मंदीने टाक्या भरून राहिल्या, द्राक्षे उचलायला कुणी येईना आणि कित्येकांनी वाईनचे वेल काढून परत थॉम्पसन लावली. आपल्या शेतकऱ्याने ती बाग स्वतःच्या खर्चाने उपटली. २७ जानेवारी २०२२ रोजी मंत्रिमंडळाने मोठ्या किराणा दुकानांतून वाईन विकायला परवानगी दिली तेव्हा 'मद्यराष्ट्र' म्हणून गहजब झाला, अण्णा हजारे यांनी उपोषणाचा इशारा दिला आणि निर्णय बासनात गेला. दारूच्या पायी संसार बुडालेले ज्यांनी पाहिले आहेत त्यांचा राग मी खोटा म्हणणार नाही. पण शौकीन तयार होण्याची जागा बंद ठेवायची आणि जकात उतरवून परदेशी बाटलीला वाट करून द्यायची, ही दोन धोरणे एकत्र नांदणार कशी, याचे उत्तर मुंबई आणि दिल्ली यांनी एकमेकांना विचारून द्यायला हवे. गोडी छाटणीच्या वेळी कोणता वेल ठेवायचा आणि कोणता काढायचा हे दिंडोरीच्या शेतकऱ्याला ठरवावे लागते. त्याला दहा वर्षांचे टप्पे मोजत बसता येत नाही.

डॉक्टरांच्या घरून निघताना त्यांच्या मुलीची गाठ पडली. २०२८ साली ती अठरा वर्षांची होईल. तिच्या वयाची तिकडची बरीच मुले मद्याच्या वाटेला फारशी जात नाहीत, तीही त्यांतलीच. वाढदिवसाला काय हवे, असे मी सहज विचारले. म्हणाली, "काका, बाबांनी ती पेटी एकदाची फोडावी. मी एक घोट घेईन. बाकीची तुम्ही दोघे संपवा." डॉक्टर हसले, काही बोलले नाहीत. दुसऱ्या आठवड्यात त्यांचा फोन आला. विकायला काढलेली दुसरी पेटी त्यांनी यादीतून मागे घेतली होती.